खेळांचे कप्पे : एका वर्गीकरणाची समीक्षा

मागच्या व्याख्यानात आपण वैशेषिकांच्या ‘सामान्य’ या पदार्थाविषयी बोललो. अनेक गायींना आपण एकाच शब्दाने ‘गाय’ का म्हणतो, हा तो प्रश्न. आज त्याच प्रश्नाला जरा खालच्या अंगणात उतरवायचे आहे. विषय ऐकून काहींना हसू येईल. जुने व्हिडिओ गेम एका छोट्या यंत्रात भरतात आणि मग त्यांचे आपापल्या मनाने कप्पे पाडतात. त्या कप्प्यांची समीक्षा आम्ही करणार आहोत. गेली चाळीस वर्षे वर्गीकरणावर शिकवत आलो, पण आम्हालाच कुणी एका वर्गात घालेपर्यंत त्यातला काटा कळला नव्हता. तो काटा पुढे सांगतो.

आधी वस्तू समजून घेऊ. नव्वदच्या दशकात वर्ध्यात, जसे बाकी महाराष्ट्रात, ‘टीव्ही गेम’ आला. सामुराई, मीडिया, लिटल मास्टर अशी नावे होती. जपानी यंत्राची ही भावंडे, काही परवान्याची, बहुतेक बिनपरवान्याची. त्यात पिवळी किंवा काळी ‘कॅसेट’ घालायची. आमच्या मुलाने वर्ध्याचा मे महिना कूलरसमोर बसून ह्या कॅसेटवर काढला. आता तो पुण्यात असतो. मागच्या उन्हाळ्यात नातवाला घेऊन आला, सोबत हाताच्या तळव्याएवढा एक संगणक, रास्पबेरी पाय. त्यावर रेट्रोपाय नावाची प्रणाली, आणि समोर दिसणारा जो पडदा असतो तो इम्युलेशनस्टेशन. त्यात जुनी यंत्रे नक्कल होऊन चालतात. कॉपीराइटचा प्रश्न यात आहे आणि तो खरा आहे, पण तो कायद्याच्या व्याख्यात्याकडे सोपवू.

आता वर्गीकरण. ही प्रणाली सुरुवातीला खेळ मांडते ते यंत्रानुसार. अमुक कंपनीचे हे, तमुक कंपनीचे ते. म्हणजे पुस्तके प्रकाशकानुसार लावावीत तसे. मग इंटरनेटवरच्या सूचींमधून, द गेम्स डीबी, स्क्रीनस्क्रेपर वगैरेंमधून, प्रत्येक खेळाची माहिती उतरवून घेता येते : वर्ष, कंपनी, प्रकार, खेळाडू किती. ही झाली दुसरी पातळी. तिसरी पातळी आपली स्वतःची. मेनूत जाऊन नवा संग्रह करायचा, त्याला नाव द्यायचे, आणि यादीतून फिरताना ‘वाय’ बटण दाबले की तो खेळ संग्रहात गेला. पुन्हा दाबले की बाहेर.

तिसऱ्या पातळीची खुबी अशी की खेळ जागचा हलत नाही. संग्रह म्हणजे एक साधी मजकुराची फाइल, तिच्यात ओळीला एक पत्ता. त्यामुळे एक खेळ दहा संग्रहांत राहू शकतो. ग्रंथालयात हे जमत नाही. पुस्तक एक, फळी एक. ड्यूईंनी 1876 मध्ये दशांश पद्धत दिली तिची ही जुनी अडचण. आपल्या रंगनाथनांनी 1933 मध्ये द्विबिंदू वर्गीकरण मांडले ते ह्याच अडचणीवर, की विषयाला एक पैलू नसतो, अनेक असतात. तरी शेवटी त्यांनाही पुस्तक एकाच फळीवर ठेवावे लागले. ह्या खेळण्याला ती सक्ती नाही. इथपर्यंत कौतुक.

आता दोष.

दुसऱ्या पातळीवरचा दोष आधी घ्या, कारण लोक तिलाच वस्तुनिष्ठ समजतात. सूचीत लिहिलेले असते, ‘खेळाडू : 2’. सुपर मारिओ ब्रदर्स, 1985 चा, खेळाडू 2. काँट्रा, घरच्या यंत्रावर 1988 चा, खेळाडू 2. पण मारिओत पहिला मरतो तेव्हा दुसऱ्याची पाळी येते. एक खेळतो, दुसरा वाट पाहतो, आणि मनातून पहिल्याने खड्ड्यात पडावे अशी प्रार्थना करतो. काँट्रात दोघे एकाच पडद्यावर एकाच वेळी असतात. बॅटल सिटी, ज्याला आपल्याकडे पोरे नुसते ‘टँक’ म्हणत, त्यात दोघे मिळून एक ठाणे राखतात, पण तुमची गोळी चुकून मित्राच्या रणगाड्याला लागली तर तो क्षणभर गोठतो. म्हणजे पाळीचा, सोबतीचा, आणि सोबतीत धक्का लागण्याचा, असे तीन वेगळे संबंध. सूचीने तिन्हींना ‘2’ म्हटले. आकडा खरा आहे, पण दोन भावांना विचारा, हे तीन खेळ एक आहेत का म्हणून!

प्रकाराचेही तसेच. डक हंट ‘नेमबाजी’त घातलेला असतो. मूळ खेळ बंदुकीचा. ती बंदूक टीव्हीच्या काचेवरचा प्रकाश वाचायची, आणि तिचे गणित जुन्या फुगीर काचेच्या टीव्हीवर बेतलेले होते. आजच्या सपाट टीव्हीवर ती चालत नाही. मग लोक माउसने बाण सरकवून बदके पाडतात. नाव तेच, चित्र तेच, चुकल्यावर हसणारा कुत्राही तोच. पण नेम धरणे गेले. ह्याला कोणत्या अर्थाने नेमबाजी म्हणायचे?

विट्गेन्स्टाइनने ‘खेळ’ हाच शब्द उदाहरणाला घेतला होता, हे आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. सगळ्या खेळांत समान असे एक काही शोधू नका, नुसते पाहा, साम्ये घरच्या माणसांच्या चेहऱ्यांसारखी एकमेकांत गुंतलेली दिसतील, असा त्याचा रोख. कुलसाम्य म्हणतो आपण त्याला. मग कुणी म्हणेल, झाले तर, वाटेल तसे कप्पे पाडा, सगळेच बरोबर. आमचे म्हणणे, नाही. इथे उदयनाचार्य उपयोगी पडतात.

‘किरणावली’त उदयनांनी सहा जातिबाधक दिले आहेत. म्हणजे एखाद्या समान धर्माला खरी ‘जाती’ केव्हा म्हणू नये, त्याच्या सहा अडचणी. त्यांतल्या तीन आपल्या कामाच्या. पहिली, व्यक्तीचा अभेद : वर्गात एकच व्यक्ती असेल तर ती जाती नव्हे, जसे आकाशत्व. दुसरी, तुल्यत्व : दोन नावांखाली तीच तीच मंडळी असतील तर जाती दोन नव्हेत, जसे घटत्व आणि कलशत्व. तिसरी, संकर : दोन वर्ग काही जागी एकत्र येतात आणि काही जागी एकमेकांना सोडून राहतात, जसे भूतत्व आणि मूर्तत्व. आकाशात पहिले आहे, दुसरे नाही. मनात दुसरे आहे, पहिले नाही. पृथ्वीत दोन्ही.

आता ती पिवळी कॅसेट आठवा. वर छापलेले असायचे, हजारो गेम. आत निघायचे मोजके, आणि पुढे तेच पुन्हा नवे नाव लावून, कधी दुसऱ्याच टप्प्यापासून सुरू करून. हे शुद्ध तुल्यत्व! दुकानदाराने आपल्याला कलश म्हणून घट विकला. पोरांना ते दोन दिवसांत कळायचे, आणि ती कागदाच्या चिटोऱ्यावर खऱ्या खेळांचे आकडे लिहून ठेवायची. तो चिटोरा म्हणजे पहिला ‘आपला संग्रह’. आमच्या मुलाचा होता. खऱ्या समीक्षेचे पहिले काम हेच असते, नावे वेगळी पण वस्तू एक, हे ओळखणे.

संकराचे काय? आपल्या मनाच्या कप्प्यांत संकर जागोजागी असतो. काँट्रा ‘दोघांनी मिळून’मध्ये आहे, ‘उन्हाळ्याच्या दुपारी’मध्येही. म्हणून उदयनांच्या कसोटीवर हे कप्पे जाती नव्हेत. ते उपाधी आहेत. बाहेरून लागलेले, कुणाच्या तरी हेतूने लागलेले धर्म. उपाधी म्हणजे खोटे नव्हे. स्वयंपाक करणारा ‘पाचक’ खराच असतो, पण तो जन्माने पाचक नसतो. उपाधी ठरते ती कुणासाठी आणि कशासाठी, ह्यावर. मुलाचा एक संग्रह पाहा : ‘वीज जायच्या आत’. भारनियमनाची वर्षे ज्यांनी विदर्भात काढली त्यांना समजावून सांगायला नको. मारिओत खेळ जपून ठेवायची सोय नव्हती. वीज गेली की सातव्या जगातून पुन्हा पहिल्यात. म्हणून पोरे छोटे खेळ आधी लावत. ही वर्गवारी कुठल्याही परदेशी सूचीत मिळणार नाही, आणि तरी ती काटेकोर आहे. तिच्यात कोणता खेळ बसतो, कोणता नाही, ह्यावर वाद होऊ शकतो. ज्या कप्प्यावर वाद होऊ शकत नाही तो कप्पा नव्हेच. ‘मस्त गेम’ नावाचा संग्रह अनेक जण करतात. तो आणि ‘आवडते’ हा तयार संग्रह यांत तुल्यत्वापलीकडे काही सापडत नाही.

तयार संग्रहांत आणखी एक असतो, ‘शेवटचे खेळलेले’. तो आपण करत नाही, आपल्या वागण्याने होतो. ‘आवडते’ उघडा आणि मग हा उघडा. आमच्या घरच्या यंत्रावर पहिल्यात चाळीसेक नावे, दुसऱ्यात फिरून फिरून तीच चार. उच्चार आणि आचार यांतले अंतर इतके स्वच्छ आम्ही कुठल्या नीतिशास्त्राच्या पुस्तकात पाहिले नाही.

आता तो काटा. पाच-सहा दिवसांनी आम्ही नातवाच्या शेजारी बसलो होतो आणि यादीत एक संग्रह दिसला. नाव : ‘आजोबांना जमतील’. खाली यंत्राने आपण होऊन लिहिले होते की ह्या संग्रहात तीन खेळ आहेत, आणि त्यांची नावे. टेट्रिस, पॅक-मॅन, डक हंट. (हशा) हसा, घरचेही हसले. आम्हीही हसलो. पण खरे सांगतो, दोन दिवस ते मनात राहिले. शेकडो खेळांतले तीन! सत्तरी ओलांडली की जग हळूहळू ‘ह्यांना जमेल’ आणि ‘ह्यांना जमणार नाही’ अशा दोन फळ्यांवर लागते. बँकेत, दवाखान्यात, घरातही. कुणी वाईट हेतूने लावत नाही. पण उपाधी म्हणून चिकटवलेले लेबल जाती होऊन बसते, आणि मग कुणी विचारतच नाही.

तिसऱ्या दिवशी आम्ही विचारले, हेच तीन का रे? पोराने मान वर न करता सांगितले, “आजोबा, ह्यात उडी नाहीये.”

बघा! त्याने आम्हाला मारिओ खेळताना पाहिले होते. पळत राहायचे बटण दाबून धरून त्याच अंगठ्याने उडी मारायची, हे आमच्या अंगठ्याला साधत नव्हते. त्याने यादीतून असे खेळ निवडले की ज्यांत ते करावेच लागत नाही. प्रकारांच्या सूचीत हे तीन खेळ तीन ठिकाणी पडतात. त्यांना जोडणारा हा धागा त्याने पाहून शोधला होता. वर्ग निर्दोष होता, नाव सदोष होते. आणि दोन दिवस आम्ही, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक, नावावरून वर्गाचा अर्थ लावत बसलो होतो.

म्हणून आमची मुख्य तक्रार ह्या प्रणालीबद्दल अशी. ती नाव ठेवते, पत्ते ठेवते, संख्या सांगते. कारण ठेवायला मात्र तिच्यात जागा नाही. फाइलचे नाव बदलले, फाइल दुसरीकडे हलवली, की पत्ता आंधळा होतो आणि खेळ संग्रहातून गुपचूप दिसेनासा होतो. कारण लिहिलेले असते तर तो कप्पा पुन्हा भरता आला असता. नुसत्या पत्त्यांवरून नाही. उद्या आमच्या मुलाचे ते यंत्र कुणाच्या हाती पडले तर ‘वीज जायच्या आत’ हे त्याला कोडे वाटेल. तेव्हा जे कुणी असे संग्रह करतात त्यांनी शेजारी एका वहीत दोन ओळी लिहून ठेवाव्यात : हा कप्पा कुणासाठी, कशासाठी. एवढेच.

नातवाने नाव बदलायची तयारी दाखवली. ‘उडी नसलेले’ असे करू म्हणाला. तर्काच्या दृष्टीने ते नाव चांगले. पण आम्ही नको म्हटले. पहिल्या नावात कुणीतरी आपल्याकडे बारकाईने पाहिले होते, ते दुसऱ्यातून पुसले जाते. फक्त एक अट घातली, ‘दोघांनी मिळून’मधला काँट्राही आम्हाला खेळायचा.

त्या खेळात तिसरा टप्पा धबधब्याचा आहे. वर चढत जायचे. पुढचा चढला की पडदा वर सरकतो आणि मागे राहिलेला खाली मरतो. उडी तर पावलोपावली. आम्ही अनेकदा मेलो. पोरगा पहिल्यांदा भराभर वर गेला, मग खडकावर थांबायला शिकला. सुट्टी संपेपर्यंत आमचा तो टप्पा काही पार झाला नाही. दिवाळीत पुन्हा बसायचे ठरले आहे.

पुढच्या वेळी ‘विशेष’ ह्या पदार्थाकडे वळू.