पूर्वज्ञान, अनुताप आणि निराशा : ‘क्रिस्तपुराणा’च्या निमित्ताने एक विचार

फादर थॉमस स्टीफन्स यांच्या ‘क्रिस्तपुराणा’चा विचार मराठीत मुख्यतः भाषेच्या अंगाने झालेला आहे. पहिल्याच अवस्वरात आलेली मराठीची स्तुती, तिच्यातील कोंकणी शब्दांची मिसळ, रोमन लिपीत झालेले मुद्रण, या गोष्टी पदव्युत्तर विद्यार्थ्यांस ठाऊक असतात. तथापि इ. स. १५७९ मध्ये गोव्यास आलेल्या आणि १६१६ मध्ये हा ग्रंथ छापून प्रसिद्ध करणाऱ्या या इंग्रज जेझुइटाने बायबलातील कथेसाठी जो साचा निवडला, त्या साच्याचे त्या कथेतील धर्मसिद्धांताशी कितपत जमते, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. येथे तो एकाच मुद्द्यापुरता घ्यावयाचा आहे. ईश्वरास सर्व काही आधीच ज्ञात असेल, तर मनुष्याच्या पापाची जबाबदारी कोणाची, आणि त्याच्या पश्चात्तापाला अर्थ कोणता?

पुराणात भविष्य सांगितले जाते तेव्हा ते केवळ ज्ञान नसते. ती घटनांना चालना देणारी शक्ती असते. कंसाला आकाशवाणी ऐकू येते, आणि ती ऐकू आली म्हणूनच देवकी कारागृहात जाते. आकाशवाणी झालीच नसती तर कथाही झाली नसती. शापाचे तर विचारावयासच नको. तेथे उच्चार हेच कारण. अशा कथा ऐकत वाढलेल्या साष्टीच्या श्रोत्यापुढे जेव्हा ओवीतून असे सांगितले जाते की, कोंबडा आरवण्यापूर्वी तू मला तीनदा नाकारशील असे ख्रिस्ताने पेत्राला सांगितले व तसेच घडले, तेव्हा ते त्याच्या कानी विधिलिखित म्हणूनच पडण्याचा संभव अधिक. वक्त्याचा सिद्धांत एक आणि साच्याची सवय दुसरी, असा हा पेच आहे.

कॅथलिक सिद्धांत याहून वेगळा आहे. संत थॉमस अॅक्वायनस यांनी दिलेला दृष्टांत प्रसिद्ध आहे : वाटेने चालणाऱ्यास आपल्या मागून येणारे दिसत नाहीत; उंचावरून पाहणाऱ्यास मात्र सगळी वाट एकाच दृष्टिक्षेपात दिसते. मावळातल्या वाचकाने लोहगडाच्या तटावर उभे राहून खालच्या वाटसरूंकडे पाहावे, म्हणजे दृष्टांत पटेल. तटावरच्या माणसाच्या पाहण्यामुळे खालचा कोणी डावीकडे वळत नाही. ईश्वराचे ज्ञान काळाच्या आधीचे नसून काळाच्या वरचे आहे, असा याचा आशय.

दृष्टांत सुरेख आहे. परंतु पेत्राच्या प्रसंगाला तो पुरत नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. अॅक्वायनसचा द्रष्टा मौन पाळतो. येथे मात्र त्याने वरून हाक मारून वाटसरूस सांगितले आहे की, पुढच्या वळणावर तू पडशील. सांगितल्यावरही तो पडला, तर सांगण्याचे प्रयोजन काय? याचे उत्तर ल्यूकच्या शुभवर्तमानातील क्रमात सापडते. कोंबडा आरवतो, ख्रिस्त वळून पाहतो, पेत्राला ते शब्द आठवतात, आणि तो बाहेर जाऊन रडतो. म्हणजे भविष्यकथनाने नकार घडविला नाही. नकारानंतरच्या स्मरणासाठी ते आधीच ठेवून दिले होते. कंसाची आकाशवाणी त्याच्या कृत्याच्या अलीकडे काम करते, पेत्राला सांगितलेले वचन कृत्याच्या पलीकडे. पुराणाच्या साच्यात राहूनही त्या साच्याला येथे उलटे फिरविता येते, आणि ‘क्रिस्तपुराणा’चा हा भाग वाचताना लक्ष येथे द्यावयास हवे.

स्टीफन्स यांच्या पिढीला हा वाद पुस्तकी नव्हता. लुइस द मोलिना या जेझुइटाचा ‘काँकॉर्दिया’ हा ग्रंथ १५८८ मध्ये लिस्बन येथे निघाला. कोणत्या परिस्थितीत कोणता स्वतंत्र जीव काय करील हेही ईश्वर जाणतो, या मध्यमज्ञानाच्या कल्पनेने त्याने कृपा आणि स्वातंत्र्य यांची सांगड घातली. डोमिनिकनांनी त्यास कडाडून विरोध केला, आणि १६०७ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी कोणत्याही पक्षास दोषी न ठरविता वाद थांबविला. पुढे नऊच वर्षांनी राचोल येथे मराठी पुराण छापले गेले.

पेत्राच्या बाजूला यूदास आहे, आणि खरी अडचण त्याचीच आहे. मॅथ्यूच्या वृत्तान्ताप्रमाणे त्यालाही पश्चात्ताप झाला. त्याने तीस नाणी परत केली. आपण निर्दोष रक्ताचा घात केला अशी कबुलीही दिली. ट्रेंटच्या परिषदेने १५५१ मध्ये पश्चात्तापी मनुष्याची जी तीन कर्मे सांगितली, म्हणजे अंतःकरणाची खंत, पापाची कबुली आणि परिमार्जन, त्या तिन्हींची छाया येथे दिसते. उणे काय होते? आशा. क्षमा मिळेल असे त्याला वाटले नाही.

याच ठिकाणी मराठी शब्द वक्त्यास दगा देतो. एकनाथांचे भागवत काशी येथे शके १४९५ मध्ये, म्हणजे १५७३ च्या सुमारास पूर्ण झाले. त्यातील पिंगला मध्यरात्रीपर्यंत दारात ताटकळते. कोणी येत नाही. तिची आशा सुटते, आणि त्या सुटण्यातूनच तिला अनुताप व विसावा लाभतो. भागवत परंपरेत नैराश्य ही मुक्तीची पायरी आहे. पुरूरव्याचा अनुतापही त्याच वळणाचा. इंद्रायणीकाठी, टाकवे बुद्रुकसारख्या मावळी गावात हरिनाम सप्ताहाला बसणाऱ्यास अनुताप हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. परंतु निराशा हे पाप आहे असे त्याला म्हटले, तर तो बुचकळ्यात पडेल. आशा सोडल्याने पिंगला तरते आणि आशा सोडल्याने यूदास बुडतो. अर्थात पिंगलेने सोडली ती विषयाची आशा, यूदासाने सोडली ती ईश्वराची. भेद मोठा आहे, पण शब्द एकच आहे. स्टीफन्स यांनी एकनाथ वाचले होते की नाही, हा येथे प्रश्न नाही. त्यांचे श्रोते ज्या भाषेत विचार करीत होते, तिच्यात हा शब्द आधीच वापरलेला होता.

‘प्रायश्चित्त’ या शब्दाचीही गत हीच. याज्ञवल्क्य स्मृतीत तो एका संपूर्ण अध्यायाचा विषय आहे, आणि तेथे भर आहे तो करावयाच्या कृत्यावर. कॅथलिक संस्कारास हे नाव दिले की परिमार्जनाचा अंश ठळक होतो, आणि अंतःकरणाची खंत मागे सरते. गोव्याच्या लोकांनी पोर्तुगीज धातूवरून ‘कुमसार’ हा शब्द घडविला, तो अधिक सुरक्षित ठरला असे म्हणावयास हरकत नाही. त्याला पूर्वसंचित नव्हते.

मात्र एक गोष्ट नजरेआड करता येत नाही. इच्छास्वातंत्र्याचा हा सिद्धांत कोणापुढे सांगितला जात होता? गोव्यात धर्मन्यायासन १५६० मध्ये स्थापन झाले. साष्टीतील देवळे १५६७ मध्ये पाडली गेली. कुंकळ्ळीस १५८३ मध्ये पाच जेझुइट मारले गेले. श्रोत्यांपैकी अनेकांचे वडील-आजोबा या घडामोडींतून गेलेले होते. ट्रेंटने नरकाच्या भीतीतून येणारी अपूर्ण खंतही संस्काराच्या पूर्वतयारीस चालते असे मानले. परंतु ती भीती ईश्वरी न्यायाची, राजाच्या शिपायाची नव्हे. साष्टीच्या पहिल्या पिढीच्या मनात या दोन भीती कितपत वेगळ्या राहिल्या असतील? ग्रंथातील स्वतंत्र मनुष्य आणि ग्रंथ ऐकणारा मनुष्य यांत अंतर होते, आणि ‘क्रिस्तपुराणा’च्या काव्यगुणांची कितीही वाखाणणी केली तरी ते बुजत नाही.

या पार्श्वभूमीवर दुसऱ्या एका निवडीकडे लक्ष जाते. स्टीफन्स १६१९ मध्ये वारले. दहा वर्षांनी, १६२९ मध्ये, एत्येन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटाचे दुसरे मोठे ओवीबद्ध मराठी पुराण गोव्यात छापले जाऊ लागले. त्याच्या पोर्तुगीज शीर्षकात परधर्मीयांच्या प्रमादांचे खंडन हा हेतू स्पष्ट नोंदविला आहे. तरीही अशा खंडनग्रंथासाठी त्याने जो नायक घेतला, तो आपल्या गुरूस तीनदा नाकारणारा पेत्र होता.