ज्ञानाचे कण आणि कोंडा

शाळेच्या दर्शनी फळ्यावर रोज एक दिनविशेष व एखाद्या शब्दाची कुळकथा लिहावयाची, ही प्रथा आपल्याकडे जुनी आहे. दिनदर्शिकेच्या पाठीमागे, वृत्तपत्राच्या कोपऱ्यात आणि आता मोबाईलच्या पडद्यावरही भाषा, इतिहास व संस्कृती यांविषयीचे असे कण नित्य आपल्यापुढे येऊन पडतात. विद्या कणाकणाने मिळवावी असे सुभाषितकारांचेच सांगणे असल्यामुळे, केवळ अल्प आकारावरून या लेखनप्रकाराला हिणवणे न्यायाचे होणार नाही. परंतु त्याचा वाचक बहुधा शाळकरी असतो, आणि छापलेले ते सारे खरे मानण्याचे त्याचे वय असते. म्हणून ग्रंथाला जी कसोटी आपण लावतो, तीच या दोन ओळींनाही लावली पाहिजे.

एक सुप्रसिद्ध कण घेऊ. दर वर्षी जानेवारीच्या मध्यास तो हटकून वाचावयास मिळतो. १४ जानेवारी १७६१ रोजी ऐन मकरसंक्रांतीच्या दिवशी पानिपतावर मराठ्यांचा संहार झाला, आणि तेव्हापासून 'संक्रांत कोसळणे' हा वाक्प्रचार रूढ झाला, असे त्यात सांगितलेले असते. लढाईची तारीख बिनचूक आहे; चुकली आहे ती संक्रांत. आपली संक्रांत निरयन गणनेने येते आणि ते वर्ष इंग्रजी वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठे असते. त्यामुळे संक्रांतीची तारीख साधारणतः सत्तर-बहात्तर वर्षांत एका दिवसाने पुढे सरकते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकरसंक्रांतीचा होता, हे सर्वश्रुत आहे. मग त्याच्याही शंभर वर्षे आधी संक्रांत १४ तारखेस कशी येईल? १७६१ साली ती १० जानेवारीच्या सुमारास येऊन गेली होती.

वाक्प्रचाराचा उगम शोधण्यास रणांगणावर जाण्याचेही कारण नाही. पंचांगात संक्रांत ही देवता मानलेली आहे. तिचे वाहन, तिचे शस्त्र, ती येते ती दिशा व पाहते ती दिशा यांचे वर्णन दिलेले असते, आणि ती जे ल्याली-नेसली असेल त्यावर गंडांतर येते असा लोकांचा समज आहे. 'अमक्यावर संक्रांत आली' हे बोलणे या समजुतीतून सहज उलगडते. पानिपताने मराठी भाषेला काही दिले नाही असे मात्र नव्हे. 'पानिपत होणे' हा शब्दप्रयोग, आणि विश्वासरावांच्या नावावर श्लेष करून 'विश्वास पानिपतात मेला' ही म्हण, ही त्या दिवसाची खरी देणगी होय. खरे धन घरात असता खोट्याचा हव्यास कशासाठी?

शब्दांच्या कुळकथांची हीच गत आहे. व्युत्पत्ती सांगताना ध्वनी, अर्थ आणि इतिहास या तिघांची साक्ष जुळावी लागते; नुसत्या उच्चारसाम्यावर भागत नाही. 'पगार' आणि 'तुरुंग' हे पोर्तुगीज शब्द होत, एवढे सांगून कण संपतो. पण 'मिरची'पाशी तो पुरा पडत नाही. मिरची हे पीक अमेरिकेतून पोर्तुगीजांच्या मार्गे आपल्याकडे आले. शब्द मात्र आपल्याच 'मिऱ्या'वरून घडला. वस्तू परकी आणि नाव घरचे! शब्दाचा इतिहास आणि वस्तूचा इतिहास हे दोन वेगळे प्रवास असतात, हा धडा त्या एका शब्दात आहे. तो वगळला तर उरते ती केवळ मौज.

'दर्पण'ची गोष्टही अशीच. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी ते सुरू केले, हे प्रत्येक फळ्यावर असते. त्यात मराठी व इंग्रजी मजकूर शेजारी शेजारी छापला जात असे, हे सहसा नसते. तारखेपेक्षा ही शेजारी छापण्याची गोष्ट अधिक बोलकी आहे, कारण ते पत्र कोणाकोणाशी बोलू पाहत होते हे तिच्यावरून समजते.

आम्हां सीमाभागातील शिक्षकांना या प्रश्नाचे महत्त्व विशेष वाटते. बेळगावच्या बाजारात वाढलेल्या मुलाला कानडीत सुपारीला 'अडिके' म्हणतात हे ठाऊक असते. 'अडकित्ता' या शब्दाचे मूळ कानडीत आहे असे त्याला दाखविले, की तो क्षणभर थांबतो आणि आणखी असे शब्द शोधू लागतो. उलट, आपला प्रत्येक शब्द शुद्ध व स्वयंभू आहे असे पढवणारा कण त्याचे कान बंद करतो. मराठी प्रदेशापासून दूर असलेल्या आमच्या मुलांना भाषेचा अभिमान हवाच. पण तो एका प्रश्नाने ढासळेल असा नसावा. पंचांग उघडताच खोटी ठरणारी गोष्ट ज्याला अभिमान म्हणून दिली, तो उद्या खऱ्या गोष्टीवरही विश्वास ठेवणार नाही.

तात्पर्य, कण लहान असावा, पण त्याला मूळ असावे. माहिती कशावरून कळली हे एका वाक्यात सांगावे, आणि जमल्यास खाली एक प्रश्न ठेवावा. कृ. पां. कुलकर्णी यांचा 'मराठी व्युत्पत्तिकोश' १९४६ सालापासून उपलब्ध आहे. फळ्यावरील कण वाचून एखादा विद्यार्थी तो कोश मागण्यास ग्रंथालयात गेला, तर त्या दोन ओळींनी आपले काम केले असे मी समजेन.