पवित्र भूमीची प्रवासवर्णने : पाहिलेले आणि ऐकलेले

आपल्या समाजाच्या नियतकालिकांतून आणि धर्मग्रामांच्या स्मरणिकांतून 'पवित्र भूमीची यात्रा' हा लेखनप्रकार आता चांगलाच रुळला आहे. नाशिक, वसई, पुणे अशा ठिकाणांहून भाविकांचा एक गट एखाद्या धर्मगुरूंसमवेत निघतो, मार्गदर्शक त्यांना ठरलेल्या क्रमाने हिंडवून आणतो आणि परतल्यावर गटातील कोणीतरी लेख लिहितो. असे पाच-सहा लेख ओळीने वाचावेत आणि लेखकांची नावे झाकावीत. कोणता लेख कोणाचा हे ओळखणे कठीण व्हावे, इतके ते एकमेकांसारखे असतात. विमानतळावरची पहाट, हॉटेलातील न्याहारी, गालिलच्या सरोवरातील नौकाविहार, जेरुसलेमच्या क्रुसाच्या वाटेवर पाणावलेले डोळे आणि अखेरीस आयोजकांचे आभार. हा आयुष्यातील सर्वोच्च अनुभव होता, असे प्रत्येक जण सांगतो. तो अनुभव कोणता, हे मात्र वाचकाच्या हाती लागत नाही. लिहिणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. प्रश्न त्यांच्या लेखनाचा आहे.

या एकसुरीपणाचे खापर मार्गदर्शकावर फोडण्याची पद्धत आहे. दहा दिवसांत सारे उरकणारी सहल म्हणजे यात्रा नव्हे, खरा यात्रेकरू एकटा चालतो, असे म्हटले जाते. हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. यात्रा बहुधा समूहाने आणि वाटाड्याच्या मागूनच झालेली आहे. नाशिककरांना तर हे सांगावयास नको. रामकुंडावर येणारा यात्रेकरू आपल्या तीर्थोपाध्यायांचे घर विचारीत येतो आणि त्यांच्या वहीत आपल्या पूर्वजांची नावे शोधतो. पंढरीच्या वारीतही दिंडीला क्रम असतो, शिस्त असते आणि चोपदार असतो. ख्रिस्ती परंपरा याहून वेगळी नाही. चौदाव्या शतकापासून जेरुसलेमच्या पवित्र स्थानांची जबाबदारी फ्रान्सिस्कन संन्याशांकडे आहे, आणि युरोपातून येणाऱ्यांना तेच हिंडवीत असत. पंधराव्या शतकात व्हेनिसचे नाखवे प्रवास, जेवण आणि वाटेतील कर यांचा एकत्रित करार करून यात्रेकरूंना नेत. १८६९ साली टॉमस कुक याने पॅलेस्टाइनची पहिली सहल काढली, तेव्हा त्याने फार काही नवे केले असे नाही.

उल्म येथील डॉमिनिकन संन्यासी फेलिक्स फाब्री १४८० साली अशाच एका गटाबरोबर गेला. पवित्र भूमीत त्याला अवघे नऊ दिवस मिळाले. आपल्या आजच्या जाहिरातींतील दिवसांचा हिशेब याहून फारसा निराळा नसतो! परंतु घाईघाईने केलेल्या त्या दर्शनाने त्याचे समाधान झाले नाही. आपण धड काहीच पाहिले नाही, ही रुखरुख घेऊन तो १४८३ साली पुन्हा निघाला आणि मग त्याने आपला विस्तृत ग्रंथ लिहिला. दगडांचे तुकडे फोडून नेऊ नका, भिंतींवर नावे आणि कुलचिन्हे कोरू नका, अशी तंबी फ्रान्सिस्कन संन्यासी यात्रेकरूंना देत, हेही तो नोंदवतो. तात्पर्य, मार्गदर्शक होता, घाई होती, गर्दी होती. तरीही लेखन जिवंत झाले. कारण मार्गदर्शकाने काय दाखविले आणि आपणांस काय दिसले, यांतील अंतर लेखकाने बुजविले नाही.

या कसोटीवर सर्वांत प्राचीन आणि आजही सर्वांत ताजे वाटणारे लेखन एका स्त्रीचे आहे. एगेरिया ही चौथ्या शतकाच्या अखेरीस, बहुधा ३८१ ते ३८४ या काळात, पवित्र भूमीत होती. तिने आपल्या भगिनींना लिहिलेल्या वृत्तान्ताची अपुरी हस्तलिखित प्रत १८८४ साली इटलीतील आरेझो येथे सापडली. तीही वाटाड्यांवर अवलंबून होती. स्थानिक धर्मगुरू आणि संन्यासी तिला एकेक जागा दाखवीत. ती त्या जागी बायबलमधील संबंधित उतारा वाचवून घेई आणि प्रार्थना करी. परंतु लोटाच्या पत्नीच्या मिठाच्या खांबाची जागा दाखविण्यात आली, तेव्हा ती भगिनींना स्पष्ट कळविते की, जागा पाहिली, खांब मात्र दिसला नाही. याबाबत तुम्हांला फसविता येणार नाही. श्रद्धेला धक्का न लावता सत्य सांगण्याचे हे धैर्य आपल्या किती यात्रालेखांत आढळेल?

तिचे दुसरे सामर्थ्य माणसांकडे पाहण्यात आहे. गुड फ्रायडेला क्रुसाच्या लाकडाचे चुंबन घेण्यासाठी रांग लागते आणि उपधर्मगुरू सभोवती पहारा देतात. कारण पूर्वी कोणीतरी चुंबनाच्या निमित्ताने लाकडाचा तुकडाच चावून नेला, असे तिच्या कानी आले आहे. महागुरुस्वामी ग्रीक भाषेत बोलतात, एक धर्मगुरू त्याचे सिरियाक भाषेत निरूपण करतो, आणि लॅटिन जाणणाऱ्यांना दोन्ही भाषा येणारे बंधुभगिनी समजावून सांगतात, हेही ती टिपते. कोणी न समजल्यामुळे खिन्न राहू नये, ही त्यामागील काळजी तिला महत्त्वाची वाटते.

यावर असे म्हटले जाईल, की आपले यात्रेकरू साहित्यिक नव्हेत. साध्या भाविकांना एवढी कठोर कसोटी का लावावी? उत्तर सोपे आहे. एगेरियाची लॅटिन भाषा पंडिती नाही, बोलीच्या वळणाची आहे. आणि आपल्या नाशिकजवळच्या जलालपूर येथे १८६८ साली जन्मलेल्या लक्ष्मीबाई टिळक कोणत्या शाळेत शिकल्या होत्या? तरीही 'स्मृतिचित्रे' हा मराठी आत्मचरित्रातील अजोड ग्रंथ ठरला. पतीने ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यानंतरची ताटातूट, सोवळेओवळे आणि पुढे स्वतःच्या मनाचा पालट त्यांनी जसा घडला तसा सांगितला. त्यांच्या लेखनात भक्तीचे मोठे शब्द क्वचितच येतात, आणि म्हणूनच भक्ती जाणवते. स्वतःवर हसण्याची त्यांची हातोटी तर आपल्या यात्रालेखकांनी मुद्दाम अभ्यासावी. ज्या समाजाला हा वारसा लाभला आहे, त्याने 'अवर्णनीय' या शब्दावर वेळ मारून नेणे शोभत नाही.

क्रुसाच्या वाटेचेच उदाहरण घेऊ. जेरुसलेममध्ये आज दाखविला जाणारा मार्ग सुमारे सहाशे मीटरचा असून तो जुन्या शहरातील बाजारातून जातो. त्याला आजचे स्वरूप बऱ्याच नंतरच्या काळात आले. 'हा पाहा मनुष्य' या पिलाताच्या उद्गाराशी जोडलेली कमान प्रत्यक्षात दुसऱ्या शतकातील आहे. आणि पिलाताचा न्यायनिवाडा शहराच्या पश्चिमेला, हेरोदाच्या राजवाड्यात झाला असावा, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर प्रभू येशू निराळ्याच दिशेने चालला. हे सांगितल्याने यात्रेकरूची श्रद्धा डळमळेल, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही. शतकानुशतके लाखो गुडघे जेथे टेकले, ती वाट प्रार्थनेने पवित्र झालेली आहे. पुरातत्त्वाच्या दाखल्याची तिला गरज नाही. परंतु पुरावा आणि परंपरा यांतील भेद जाणणारा लेखक अधिक खोल लिहू शकेल.

त्याच वाटेवर दुकाने आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या तेथे राहणारी माणसे आहेत. आपल्या लेखांत दगडांना नावे असतात, माणसांना नसतात. तेथील अरबी भाषक ख्रिस्ती बांधव हे पहिल्या मंडळीचे वारस. ते आपल्या वर्णनांतून जवळजवळ बेपत्ता असतात. या बाबतीत फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे 'संघर्षयात्रा ख्रिस्तभूमीची' हे पुस्तक निराळे उठून दिसते. शीर्षकातच त्यांनी यात्रेला संघर्षाशी जोडले आणि त्या भूमीतील वर्तमानाला सामोरे जाण्याचे ठरविले. २०२३च्या ऑक्टोबरात युद्धाचा भडका उडाला आणि त्या वर्षी बेथलेहेमने नाताळचे सार्वजनिक सोहळे रद्द केले, तेव्हा त्या गावी जाऊन आलेल्या आपल्यापैकी कितीजणांना तेथील एखादा चेहरा आठवला असेल? चेहरा पाहिलाच नसेल तर आठवणार कसा?

शेवटचा मुद्दा वाचकाचा. ही वर्णने कोणासाठी लिहावयाची? जे जाऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी. फाब्रीने १४९२ साली मठाबाहेर न पडणाऱ्या भगिनींसाठी एक स्वतंत्र पुस्तक लिहिले. त्याच्या आधारे त्यांनी मनोमन जेरुसलेमची यात्रा करावी, हा हेतू होता. बाराव्या क्लेमेंट पोपमहोदयांनी १७३१ साली क्रुसाच्या वाटेच्या स्थानांची संख्या चौदा निश्चित केली आणि ती सर्व चर्चमध्ये स्थापन करण्याची वाट मोकळी केली. म्हणजे उपवासकाळात दर शुक्रवारी आपण धर्मग्रामात करतो, तीही जेरुसलेमचीच यात्रा आहे, आणि तिला भाडे पडत नाही. नाशिकरोडच्या बाळ येशूपुढे दर फेब्रुवारीत लोटणारा जनसमुदायही हेच सांगतो. मूळ मूर्ती प्राग येथे, १६२८ साली कार्मेल संन्याशांना एका सरदार घराण्यातील स्त्रीने दिलेली. तिच्या दर्शनाला प्रागला जाणे ज्यांना कधीच जमणार नाही, त्यांचा नवस येथे फिटतो.

तेव्हा यात्रेहून परतणाऱ्याकडे एक ऋण असते. त्याला लाभलेले दर्शन इतरांच्या वाट्याला आलेले नाही. ते ऋण विशेषणांनी फिटत नाही आणि मार्गदर्शकाच्या शब्दांची नक्कल करूनही फिटत नाही. काय दिसले, काय दिसले नाही, कोण भेटले, कोठे मन कोरडे राहिले आणि कोठे न बोलावता प्रार्थना ओठी आली, एवढे जरी प्रामाणिकपणे लिहिले, तरी गावी राहिलेली एखादी आजीबाई तो लेख मोठ्याने वाचून घेईल आणि चौदाव्या स्थानापर्यंत त्याच्याबरोबर चालेल. संपादकांनीही छायाचित्रे थोडी कमी छापावीत आणि लेखकाकडे असा तपशील आग्रहाने मागावा.