खटका कुठे गेला?

पुस्तकांची परीक्षणे मी पुष्कळ लिहिली. मोटारीतल्या पडद्याचे हे पहिलेच. पुतण्याने नवी गाडी घेतली आणि ऐन पावसाळ्यात आम्हां उभयतांना लोणावळ्याला नेले. "काका, येताना तुम्हीच चालवा," असे म्हणून स्वारी मागच्या सीटवर झोपी गेली. पद्मिनीवर हात बसलेला माणूस मी. नाही म्हणतो की काय!

पद्मिनीत खटके मोजके. अंधारातही बोट बरोबर जागेवर जाई. इथे मधोमध ताटाएवढा गुळगुळीत पडदा आणि खटका औषधालाही नाही. खंडाळ्याच्या घाटात धुके उतरले, काच आतून पांढरी झाली. काचेवर वारा सोडावा म्हणून मी पडद्यावर बोट ठेवले, तर गाणे लागले. दुसरीकडे दाबले, तर कोणाचा फोन जोडू म्हणून विचारू लागला.

"अहो, समोर बघा!" ही किंचाळली.

समोर ट्रकचे लाल दिवे होते. ब्रेक अजून पायाने लागतो, म्हणून हे परीक्षण लिहून होत आहे.

हिने पदराने काच पुसली. पुतण्या जागा होऊन म्हणाला, "सोप्पं आहे काका, आधी 'हवा'मध्ये जायचं, मग डावीकडे सरकवायचं." अरे, घाटात मी गाडी वळवू की पडदा सरकवू?

ताशी 60 च्या वेगाने गाडी दोन सेकंदांत 33 मीटर जाते. चालकाने एका वेळी दोन सेकंदांहून अधिक नजर काढू नये, असे अमेरिकी सरकारने 2013 साली निर्मात्यांना सुचवले होते. सक्ती नव्हे, सूचना. 2022 मध्ये एका स्वीडिश मोटार-मासिकाने ताशी 110 वर चार किरकोळ कामे करून पाहिली. खटक्यांच्या 2005 च्या व्होल्वोत दहा सेकंद लागले. पडद्याच्या सर्वांत मंद गाडीत जवळजवळ पंचेचाळीस, म्हणजे 1,372 मीटर! आणि त्या चालकांना आधी सराव दिला होता. मला तर नुसती किल्ली दिली होती.

युरोपातल्या सुरक्षा-परीक्षकांनी 2026 पासून हॉर्न, वायपर, वळणाचे दिवे वगैरे पाच गोष्टींना खरे खटके नसतील तर गुण कापायचे ठरवले. काचेवरचा वारा त्या यादीत नाही. परीक्षक खंडाळ्याला जुलैत आलेले दिसत नाहीत.

मी मात्र चिकाटीने 'हवा', मग डावीकडे, असे पाठ केले. परवा पुतण्या म्हणाला, "काका, नवीन अपडेट आलंय. ते आता उजवीकडे गेलंय."

ही पर्समध्ये जुना पंचा ठेवते.