नोंदवहीबाहेरचे हात

लांज्याकडच्या जुन्या कौलारू घरात फणसाच्या तुळईवर बुजवलेली एखादी खाच दिसली, की जाणता सुतार तिथे थबकतो. इथे कधीकाळी माळा होता, भिंत हातभर अलीकडे होती, हे त्याला कुणी सांगावे लागत नाही. हीच नजर घेऊन आपण टायगर मॉथ या दोन पंखी विमानापाशी जाऊ या. याच्या पंखांचा सांगाडाही लाकडाचाच, वर कापड ताणलेले आणि त्यावर डोपचा, म्हणजे कापड घट्ट करणाऱ्या रोगणाचा, लेप. दुसऱ्या महायुद्धात भारतीय हवाई दलाच्या कितीतरी वैमानिकांनी उड्डाणाची अक्षरे याच पाटीवर गिरवली. जुहूला १९२८ पासून नांदणाऱ्या बॉम्बे फ्लाइंग क्लबसारख्या संस्थांनी तर या मॉथ घराण्याच्या विमानांवर पिढ्या घडवल्या.

आधी त्याची आकृतीच डोळे भरून पाहू. वरचा पंख किंचित पुढे सरकलेला, आणि दोन्ही पंखांची टोके मागे झुकलेली. ही लय शोभेसाठी जन्मली नाही. पुढच्या आसनावरच्या प्रशिक्षकाला पॅराशूटसह चटकन बाहेर पडता यावे म्हणून वरचा पंख पुढे नेला, आणि त्यामुळे ढळलेला तोल सावरायला टोके मागे वळवली. १९३१ साली प्रथम उडालेल्या या विमानाचे सारे लावण्य म्हणजे एका जुन्या मॉथवर केलेला फेरफारच आहे!

हा फेरफार जगाला ठाऊक आहे. पण लॉगबुकात, म्हणजे विमानाच्या नोंदवहीत, ज्यांची ओळही नाही, ते फेरफार शोधताना रसिकाचा खरा कस लागतो. शेपटाच्या आडव्या पंखापुढे, धडाच्या दोन्ही अंगांना कधी एक अरुंद पट्टी दिसते. गिरक्या घेत कोसळणारे विमान लवकर सावरावे म्हणून युद्धकाळात ती बसवू लागले. एखाद्या विमानावर ती पट्टी नसावी, पण रंगावरून बोट फिरवताना स्क्रूच्या बुजवलेल्या भोकांची ओळ हाताला लागावी, की आपण समजावे, पट्टी आली होती आणि कुणीतरी ती काढलीही होती.

पंखाचे कापड उतरवले, की स्प्रूसच्या लाकडावरचा सांधा पाहावा. त्या काळी लाकडी विमानांत दुधातल्या प्रथिनापासून केलेला केसीनचा फिकट सरस सर्रास वापरत, पण दमट हवेत तो बुरशीला बळी पडे. त्या फिकट सांध्यांच्या मेळ्यात एकाच ठिकाणी तांबूस-काळसर, केसाएवढी रेघ उमटलेली दिसली, तर तो रेसॉर्सिनॉलचा पुढच्या काळातला सरस. म्हणजे इथे कुणीतरी नवा तुकडा जोडला आहे, आणि सांधा असा बेमालूम, की रेघ नसती तर कळलेही नसते. मग एखादा बोल्ट हाती घ्यावा. बीएसएफ या ब्रिटिश मापाच्या बारीक आट्यांचा कोन ५५ अंशांचा, अमेरिकी आट्यांचा ६० अंशांचा. बोल्ट परका निघाला, तर दुरुस्तीच्या वेळी कुणाच्या हाताशी कोणते सामान होते, याचा माग लागतो.

या सगळ्या खुणा अखेर तराजूवर एकत्र येतात. प्रत्येक ठिगळाचे, रंगाच्या प्रत्येक थराचे वजन असते. आणि विमान जोखल्यावर आकडा कागदाशी जुळला नाही, तर आपण अजून काहीतरी वाचायचे राहिले आहे. हे वाचन कौतुकापुरते नाही. शेपटाकडची थोडीशी भर गुरुत्वमध्य मागे ओढते, आणि त्यावर उडणाऱ्याचा जीव टांगलेला असतो.

म्हणूनच या शोधाचा परमानंद मला शेवटच्या कामात दिसतो. सापडलेला प्रत्येक बदल मोजायचा, पारखायचा, योग्य असेल तर ठेवायचा, नसेल तर काढायचा, आणि दोन्ही वेळी लॉगबुकात तारखेनिशी लिहायचा. त्या अनामिक मेकॅनिकचे नाव आपल्याला मिळणार नाही. पण त्याच्या हाताने जे केले, त्याला इतक्या वर्षांनी का होईना, हक्काची एक ओळ मिळते. आणि ती ओळ वाचून पुढचा वैमानिक निर्धास्तपणे आकाशात झेपावतो.