चाकणचे गरीब

‘गरीब’ हा शब्द आपल्या इतका अंगवळणी पडलाय की तो बाहेरून आला असेल असं वाटतच नाही. गरीब गाय, गोरगरीब, गरीब स्वभावाचा माणूस. १९७१ च्या ‘गरिबी हटाओ’पासून ‘गरीब रथ’ गाडीपर्यंत हा शब्द सगळीकडे आहे आणि अर्थाबद्दल कुणाला शंका नाही. ज्याच्याकडे पैसे नाहीत तो गरीब.

अरबीत मात्र ‘गरीब’ म्हणजे परका. ज्या धातूपासून हा शब्द आला त्यात दूर जाणं, निघून जाणं, मावळणं असे अर्थ आहेत. सूर्य जिकडे मावळतो ती पश्चिम म्हणजे ‘गर्ब’, सूर्यास्ताची नमाज ‘मगरिब’ आणि मोरोक्को देशाचं अरबी नावही ‘मगरिब’च. गाव सोडून दूर आलेला तो ‘गरीब’, आणि त्याची ती अवस्था ‘गुर्बत’. कुराणातल्या दुर्मिळ, चटकन अर्थ न लागणाऱ्या शब्दांनाही जुने भाषाशास्त्री ‘गरीब’ म्हणत, म्हणजे अनोळखी शब्द. आपण ‘गरीबगुरबे’ म्हणतो त्यातलं ‘गुरबे’ हे केवळ यमक जुळवायला आलेलं नाही. ‘गरीब’चं अरबी अनेकवचन ‘गुरबा’, तेच ते.

फारसीत आजही या शब्दात परकेपणा आणि एकटेपणा आहे. मदिनेपासून दूर, मशहदला ज्यांची कबर आहे त्या इमाम रझांना इराणी लोक ‘गरीबांमधले गरीब’ म्हणतात. त्याचा पैशाशी काही संबंध नाही, घरापासून लांब मरण आलं म्हणून ते गरीब. तुर्कीत ‘गारिप’ म्हणजे विचित्र आणि थोडा बापुडवाणाही. १९४१ साली ओरहान वेली आणि त्याच्या दोन कविमित्रांनी यमक-वृत्त झुगारून साध्या माणसाच्या साध्या बोलीतल्या कविता छापल्या, त्या पुस्तकाचं नाव ‘गारिप’. तिथल्या वाचकाने ते ‘विचित्र’ असं वाचलं. हिंदीत हा जुना अर्थ फक्त ‘अजीबोगरीब’मध्ये उरलाय. बाकी हिंदी, मराठी, गुजराती, बंगाली सगळीकडे गरीब म्हणजे निर्धन. आणि हे फक्त भारतातच झालं असंही नाही. कॉकेशसमधल्या जॉर्जियन भाषेतसुद्धा ‘घरीबी’ म्हणजे निर्धनच.

परक्याचा निर्धन कसा झाला? आपल्या बाजूला हा प्रश्न विचारला की उत्तर येतं, ‘शब्द बिघडला’. मला ते पटत नाही, कारण ज्यांचा अरबीशी काही संबंध नाही अशा भाषांतही हेच घडलंय. जर्मनमध्ये ‘एलेंड’ म्हणजे हालअपेष्टा, दैन्य. हजारेक वर्षांपूर्वी त्याचा अर्थ होता परमुलूख, देशाबाहेर असणं. इंग्रजीतला ‘रेच’ म्हणजे दीनवाणा माणूस, तो जुन्या इंग्रजीत हद्दपार झालेला माणूस होता. गंमत म्हणजे त्याच मुळातून जर्मनमध्ये ‘रेके’ शब्द आला आणि त्याचा अर्थ झाला वीर. घर सोडलेला माणूस एका भाषेला केविलवाणा दिसला, दुसरीला शूर.

याचं कारण समजायला भाषाशास्त्र लागत नाही. ज्या समाजात उधार, जामीन, भाकरी, लग्न आणि खांदा देणं हे सगळं ओळखीवर चालतं, तिथे ओळख नसलेला माणूस आपोआप कंगाल ठरतो. खिशात चार नाणी असली तरी अडीनडीला त्याच्यामागे कोण उभं राहणार? एकाकी पडणं हीच आधी गरिबी होती, पैशांचा हिशेब नंतर आला.

इथपर्यंत हे शब्दकोशाचं कुतूहल आहे. पण या शब्दाचा एक तुकडा आपल्या स्वतःच्या मातीत पुरलेला आहे, आणि तो मला शाळेत कुणी दाखवला नव्हता.

मी उदगीरचा. आमच्याकडून बीदर जवळ, त्यामुळे महमूद गवानचा मदरसा लहानपणी सहलीत पाहिलेला. निळ्या-पिवळ्या फरशांचे उरलेले तुकडे आणि एक उंच मिनार, एवढंच लक्षात होतं. गवान इराणमधल्या गिलानचा. व्यापारी म्हणून दख्खनमध्ये आला आणि बहमनी राज्याचा वजीर झाला. त्या दरबारात दोन गट होते. इथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले ते दख्खनी आणि इराण, इराक, मध्य आशियाकडून नव्याने आलेले ते आफाकी. या नव्याने आलेल्यांना दुसरा एक शब्द वापरला जाई: गरीब. म्हणजे सरदार, व्यापारी, सेनापती, प्रत्यक्ष वजीर, हे सगळे ‘गरीब’! आजच्या मराठीत हे वाक्य विनोदी वाटतं.

पुढचा भाग विनोदी नाही. पंधराव्या शतकाच्या मध्यावर बहमनी फौज कोकणच्या मोहिमेवर गेली आणि घाटातल्या जंगलात तिची दाणादाण उडाली. त्यातून वाचलेले ‘गरीब’ चाकणच्या किल्ल्यात येऊन थांबले. दख्खनी सरदारांनी सुलतानाला कळवलं की हे बंड करणार आहेत. किल्ल्याला वेढा पडला, नंतर अभय देऊन त्यांना बाहेर काढलं आणि कापून टाकलं. जे थोडे निसटले त्यांच्यामुळे खरं काय ते सुलतानाला कळलं, पण उशिरा. पुढे १४८१ मध्ये गवानचंही तेच झालं. त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र तयार करून तो शत्रूला फितूर आहे असं सुलतानाला दाखवलं आणि त्याचं मुंडकं उडवलं. दोन्ही वेळा आरोप एकच होता: हा इथला नाही, म्हणून हा विश्वासाचा नाही.

चाकण! कंपन्यांच्या बसेस, कंटेनरच्या रांगा आणि कांद्याच्या बाजाराचं चाकण. आज तिथे भाड्याच्या खोलीत चार-पाच जण राहतात, कुणी बिहारचा, कुणी उत्तर प्रदेशचा, कुणी आमच्या मराठवाड्यातला. त्यांच्यासाठी आपल्याकडे दोन शब्द आहेत. मदत वाटायची असेल तर ‘गरीब’, राग काढायचा असेल तर ‘परप्रांतीय’. जुन्या शब्दात या दोन गोष्टी एकच होत्या. आपण त्यांची फाळणी केली आणि त्यामुळे एकाच माणसाची एका हाताने कीव आणि दुसऱ्या हाताने कॉलर धरणं सोपं झालं.

माझी खरी तक्रार साहित्यातल्या वाचनाबद्दल आहे. मराठीत गरिबीच्या लेखनाची समीक्षा ठरलेल्या शब्दांत होते: दाहक वास्तव, भीषण दारिद्र्य, अंगावर काटा आणणारं. भूक, फाटके कपडे, गळकं छप्पर मोजलं जातं. पण यातल्या कितीतरी लेखनातलं खरं दुखणं वस्तूंच्या अभावाचं नसून परकेपणाचं आहे, आणि ते या मोजणीत हातातून निसटतं.

अण्णाभाऊ साठेंची ‘माझी मैना गावावर राहिली’ घ्या. वाटेगाव सोडून लहानपणी मुंबईला आलेल्या माणसाने लिहिलेली ही रचना. यातला नायक कामगार आहे, खिसा रिकामा आहे, हे खरं. पण त्याचं रडणं पगाराचं नाही, मैना गावाकडे आणि आपण मुंबईत, याचं आहे. बरेच जण तिला विरहगीत म्हणून ऐकतात आणि शेवटी ती संयुक्त महाराष्ट्राकडे, बेळगाव-कारवारकडे वळते तेव्हा त्यांना तो प्रचाराचा सांधा वाटतो. ‘गरीब’चा जुना अर्थ हाताशी घेऊन ऐका, तो सांधा राहत नाही. आपल्या माणसापासून तुटलेला कामगार आणि आपल्या राज्यापासून तुटलेला मुलूख यांचं दुःख एकच आहे. दोघंही गुर्बतीत आहेत.

तुलनेसाठी कॉकेशसमधली एक लोककथा बघा, ‘आशिक केरीब’. ‘केरीब’ म्हणजे आपलाच गरीब. रशियन कवी लेर्मंतोव्हने ती १८३७ च्या सुमारास लिहून काढली आणि १९८८ मध्ये पराजानोव्हने तिच्यावर सिनेमा केला. तिफ्लिसचा एक निर्धन गायक श्रीमंताच्या मुलीच्या प्रेमात पडतो. सात वर्षं भटकून पैसा कमवून येतो, असं सांगून निघतो. परमुलखात एका पाशाची मर्जी बसते, सोनंनाणं मिळतं आणि तो घर विसरतो. शेवटी ती मुलगी एका व्यापाऱ्याबरोबर सोन्याची थाळी पाठवून त्याला शोधून काढते. घरी होता तेव्हा पैसा नव्हता म्हणून केरीब, पैसा आला तेव्हा घर नव्हतं म्हणून केरीब. दोन्ही वेळा कथा त्याला केरीबच म्हणते.

इथे माझं मलाच अडवायला हवं. मी सॉफ्टवेअरवाला, मूळ कारण शोधायची सवय. त्यामुळे ‘मूळ अर्थ तोच खरा’ असं म्हणायचा मोह होतो. तसं नाही. शब्दाचा खरा अर्थ तोच, जो आज लोक वापरतात. शिवाय जुन्या अर्थात एक धोका आहे. त्या हिशेबाने मीही गरीब ठरतो, उदगीर सोडून पुण्यात आलो म्हणून. मला इथे खोली शोधताना ‘तुम्ही तिकडचे का?’ असं विचारलं गेलं, ते लागलंही. पण महिन्याच्या शेवटी खात्यात पगार येतो, आणि पगार असलेल्या परक्याला लोक ‘सेटल झाला’ म्हणतात. माझ्या घरच्या आठवणीला आणि चाकणच्या खोलीतल्या पोराच्या रात्रपाळीला एकच शब्द लावणं अप्रामाणिक होईल. गवान परका होता पण वजीर होता. म्हणून मी ‘पैसे नसणे’ हा अर्थ पुसा असं म्हणत नाही. त्याच्या शेजारी दुसरा अर्थही ठेवा, एवढंच.

तो नसला की काय दिसत नाही? मे २०२० मध्ये जालन्याहून पायी निघालेले मजूर औरंगाबादजवळ रुळांवर झोपले आणि मालगाडीखाली १६ जण गेले. मध्य प्रदेशात घरी जाणारी गाडी मिळेल या आशेने ते चालत होते. आपण सगळ्यांनी रुळांवर पडलेल्या भाकऱ्यांचे फोटो पाहिले आणि म्हणालो, बिचारे गरीब. पण काम गेलं, पैसे संपले, एवढ्याने ते निघाले नव्हते. गावाकडे तरी कुठे पैसे होते? संकटात हाक मारायला इथे आपलं कुणी नाही म्हणून ते निघाले होते. अन्नाची पाकिटं वाटून त्यांची एक गरिबी भागली असती. दुसरी आपल्याला दिसलीच नाही, कारण तिच्यासाठी आपल्या शब्दात जागा उरली नव्हती.

मराठीने हा अर्थ गमावला, पण मराठी बोलणाऱ्यांकडे तोडगा नव्हता असं नाही. अरबीत कावळ्याला ‘गुराब’ म्हणतात, याच अक्षरांतून आलेला शब्द, आणि अरबी कवितेत कावळा ताटातुटीचा अपशकुन असतो. मराठा आरमारातल्या ‘गुराब’ जहाजाचं नाव तिथूनच आलं. आमच्याकडे दारात कावळा ओरडला की आजी म्हणायची, कुणीतरी पाहुणा येणार. आणि उदगीरच्या स्टँडवर अजूनही अनोळखी माणसाला हाक मारतात ती अशीच: ‘काय पाहुणं, कुठलं गाव?’

माझ्या पुण्यातल्या सोसायटीच्या गेटवरही प्रत्येकाला गाव विचारतात. फक्त तिथे ‘पाहुणं’ म्हणत नाहीत.