थोडक्यात सांगणे, खरे सांगणे

'ब्रेव्हिटी' या इंग्रजी शब्दाचा अर्थ संक्षेप. याच नावाचे एक साहित्यिक नियतकालिक डिंटी मूर यांनी १९९७ साली अमेरिकेत सुरू केले. ते संगणकाच्या पडद्यावर वाचावयाचे असते. त्याचा नियम सोपा आहे : लिहिलेले प्रत्यक्ष घडलेले असावे आणि ते साडेसातशे शब्दांच्या आत संपावे. आईवडील, आजारपण, बालपणीचे घर असे साधेच विषय तेथे हाताळले जातात. हा प्रकार आधुनिक म्हणून वाखाणला जात असला, तरी वऱ्हाडातील वाचकाला तो परका वाटण्याचे कारण नाही.

अमरावती जिल्ह्याच्या मोर्शी तालुक्यात रिद्धपूर आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तेथे म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या आठवणी एकत्र केल्या आणि 'लीळाचरित्र' हा मराठीतील आद्य गद्यग्रंथ सिद्ध झाला. त्यातील कित्येक लीळा अवघ्या काही ओळींच्या आहेत. एक ठिकाण, एक प्रसंग, दोन वाक्यांचा संवाद, आणि लीळा संपते. शिकारी कुत्र्यांपुढे धावणारा ससा स्वामींच्या आश्रयाला येतो आणि शरण आलेल्याला ते शिकाऱ्यांच्या हवाली करीत नाहीत. करुणेवर प्रवचन मात्र निवेदक करीत नाही. म्हाइंभटांनीच लिहिलेल्या गोविंदप्रभूंच्या चरित्रात पाण्यावाचून तळमळणारे मातंग प्रभूंकडे येतात. प्रभू जागा दाखवितात, तेथे विहीर होते. शमरोनी स्त्रीची कथा ज्यांनी योहानाच्या शुभवर्तमानात वाचली आहे, त्यांना त्या विहिरीचे मोल निराळे सांगावयास नको.

या लेखनाचे खरे बळ त्याच्या आखूडपणात नसून साक्षीत आहे. म्हाइंभटांनी ज्यांनी पाहिले, ऐकले, त्यांना गाठून विचारले. पुढे मूळ पोथी नष्ट झाली, तेव्हा अनुयायांनी स्मरणातून ग्रंथ पुन्हा उभा केला. आठवणींत फरक पडला, तो त्यांनी लपविला नाही. भिन्न पाठ 'वासना' म्हणून नोंदविले. डॉ. वि. भि. कोलते यांनी संपादिलेली १९७८ ची आवृत्ती चाळताना हा प्रामाणिकपणा पदोपदी जाणवतो. आपल्याला तो शुभवर्तमानांतून परिचित आहे. क्रुसावरील लेखाचे शब्द चारही शुभवर्तमानांत तंतोतंत सारखे नाहीत. ख्रिस्तसभेने चारही जपले. येशूला अटक होते त्या रात्री अंगावरचे वस्त्र टाकून पळालेला तरुण मार्कने दोन ओळींत सांगितला आणि तो कोण, हे सांगितलेच नाही. पेत्राचा नकार तर चौघांनीही झाकला नाही.

या कसोटीला 'ब्रेव्हिटी'मधील लेखन लावले, तर एक उणीव दिसते. त्यातील अनेक लेख शेवटच्या वाक्यासाठी लिहिल्यासारखे वाटतात. प्रसंग संपतो आणि लेखकाला झालेला बोध घासूनपुसून वाचकाच्या पदरात घातला जातो. लीळेत सांगणारा बाजूला उभा राहतो. येथे तो मध्यभागी येतो. परंतु या नियतकालिकाचे एक श्रेय नाकारता येणार नाही. लीळाचरित्रात बाइसा, महदाइसा जिवंत उभ्या राहतात, तरी त्या स्वामींच्या प्रकाशातच दिसतात. कोणा अप्रसिद्ध माणसाचा एक दिवस, केवळ त्याचा म्हणून, लिहिण्यायोग्य आहे, हा विश्वास नव्या लेखकांनी दिला.

आपल्याला नेमका तोच हवा आहे. अमरावती धर्मप्रांत १९५५ साली स्थापन झाला. त्या काळी अमरावती-अकोल्यात संसार मांडणारी पिढी आता मावळत आहे. त्यांच्याविषयी आपण स्मरणिकांतून काय लिहितो? प्रेमळ, कष्टाळू, श्रद्धाळू. ही विशेषणे कोणालाही लागू पडतात. म्हणून त्यांतून माणूस हरवतो. कपाशीच्या वेचणीवरून परतलेली आजी रोझरी म्हणताना कोणत्या रहस्याला डुलकी घेई, हे लिहिले तर ती आजी राहील. शेताच्या धुऱ्यावरून दोन भाऊ दहा वर्षे अबोल राहिले असतील, तर तेही लिहावे. पेत्राची लाज ज्यांनी वाचली, त्यांनी आपल्या घरची का झाकावी?

त्यासाठी मोठा ग्रंथ नको. साडेसातशे शब्द पुरेत. कोणी सांगितले, ते नोंदवावे. दोन भावंडांच्या आठवणी जुळत नसतील, तर दोन्ही छापाव्यात. नागदेवाचार्यांनी संस्कृतऐवजी मराठीचा आग्रह धरला, तो साध्या म्हाताऱ्या बायकांना धर्मज्ञान अंतरू नये म्हणून. आज सांगण्याजोगे जे आहे, ते त्या म्हाताऱ्यांजवळच आहे. त्यांना वेळेवर विचारले नाही, तर अंतरेल ते आपल्याला.